उज्जैनहून गाडीने कुळाच्या गावी: कवळे आधी की केळोशी?

आंबेथळ
नमस्कार मंडळी. मी फोंड्यात राहतो. आमचं कूळ कवळ्याच्या श्री शांतादुर्गेचं, मूळ गाव केळोशी. घराण्यातली एक शाखा पेशवाईच्या उत्तरार्धात शिंद्यांच्या चाकरीत उज्जैनला गेली आणि तिथेच रुजली. त्या शाखेतले माझे चुलतकाका आता ७८ वर्षांचे आहेत. त्यांनी किंवा त्यांच्या वडिलांनी गोवा कधी पाहिला नाही. देवी पाहिली ती देव्हाऱ्यातल्या टाकावर.

या हिवाळ्यात काका, काकू, चुलतभाऊ, वहिनी आणि मुलं असे सगळे गाडीने येणार आहेत. विमानाचं सुचवून पाहिलं. काका म्हणाले, "आपली माणसं ज्या मुलखातून चालत गेली तो मुलूख वरून बघून काय कळणार?" यावर कोण बोलणार?

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, रस्ता कोणता? हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे आणि काकांचे गुडघे दुखतात. दुसरं जास्त महत्त्वाचं. भावाचं म्हणणं, केळोशीत आता आपलं काही नाही, वेळ थोडा आहे, कवळ्याला ओटी भरू आणि मुलांना समुद्र दाखवू. काका म्हणतात, आधी केळोशी. मला काकांचं पटतं, पण मनात धास्तीही आहे. आयुष्यभर जे गाव मनात बाळगलं तिथे गेल्यावर त्यांना फार लागलं तर?

चोर्लावासी
रस्त्याचं सांगतो. उज्जैन, इंदूर, सेंधवा, धुळे, नाशिक, पुणे, कोल्हापूर, बेळगाव. तिथून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी, डिचोली, माशेल करत फोंडा. घाट सुंदर आहे, कणकुंबीच्या पुढे गारवा लागतो. पहिला मुक्काम नाशिक, दुसरा कोल्हापूर. अंबाबाईचं दर्शनही होईल.

बेळगावचो_पावणो
@चोर्लावासी, चोर्ला तुम्हाआम्हाला ठीक. ७८ वर्षांच्या माणसाला त्या वळणांवर त्रास होईल. बेळगावहून खानापूर, लोंढा, अनमोड, मोले असं उतरा. मोल्यावरून धारबांदोडा, उसगाव, खांडेपार करत गाडी थेट फोंड्यात येते, पणजीची गर्दी लागतच नाही. हाताशी दोनेक तास असतील तर मोल्याजवळ तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ दाखवा. कदंबांच्या काळचं, काळ्या दगडाचं. इतकी देवळं पडली, ते रानात होतं म्हणून उभं राहिलं.

घाटमाथा
दोन्ही सोडा, निपाणी-आजरा-आंबोली-सावंतवाडी करा. आंबोलीत चहा घ्या आणि पत्रादेवीवरून गोव्यात शिरा. पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या सीमेवरचं. मुलं बरोबर आहेत म्हणता, मग त्यांनी गोव्यात याच दाराने यावं असं मला वाटतं.

बेळगावचो_पावणो
हे मान्य. मग जाताना अनमोड, येताना आंबोली असंही करता येईल. सातारा ते कागल मात्र रुंदीकरणाचे वळणरस्ते आहेत, तिथे वेळ हातचा ठेवूनच हिशेब करा. सेंधव्याचा बिजासन घाटही रात्री नको, ट्रकांची रांग लागते.

माडाच्या_सावलेंत
नकाशावर गावाचं नाव टाकताना सांभाळा हो. "फोंडा" म्हणून सिंधुदुर्गातल्या फोंडाघाटाला पोचलेले पाहुणे मी स्वतः फोनवरून वळवून आणलेत. "केळशी" टाकलं तर दापोलीला जाल. सासष्टीत समुद्राकाठी आणखी एक केळशी आहे, हॉटेलांची. आपल्याला हवी ती मुरगाव तालुक्यातली केळोशी, कुठ्ठाळीच्या शेजारची. केरी तर तीन आहेत. सत्तरीत एक, पेडण्यात एक आणि फोंड्यात विजयादुर्गेची एक. चोर्ल्याने उतरलात तर पहिली केरी सत्तरीतली लागेल. तिथे विजयादुर्गा शोधत बसू नका.

खाजें_आनी_चणे
उज्जैनहून येणाऱ्या गाडीत शेवेला जागा ठेवायला सांगा. फोंड्याच्या पातळभाजीवर ती शेव घालून खाल्लीत की काका परत जायचं नाव काढणार नाहीत. :)

आंबेथळ
@खाजें_आनी_चणे, काकूंनी आधीच पाच किलोचा डबा भरायला घेतलाय. या घरी.

सांजवात
थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका. देवी कवळ्याला आहे. साडेचारशेहून अधिक वर्षं तिथेच आहे. आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी नवस केले ते कवळ्याला, बोलावणं आलं ते कवळ्याहून. ज्या जागेवरून आपल्याला निघावं लागलं त्या जागेवर थकलेल्या माणसाला नेऊन दुःख उकरायचं कशाला? माझ्या सासूबाईंना आम्ही फक्त कवळ्याला नेलं. त्या तळीच्या पायऱ्यांवर बसून राहिल्या, दीपस्तंभाकडे बघत राहिल्या आणि तृप्त होऊन परतल्या. दर्शन म्हणजे देवीचं. जमिनीचं दर्शन घ्यायची चाल आपल्यात नाही.

जुनीं_दफ्तरां
@सांजवात, तुमचा मान राखून माझा विरोध नोंदवतो. सविस्तर लिहितो, कारण उज्जैनच्या मुलांनाही हे वाचून दाखवता येईल.

१५४३मध्ये बार्देश आणि सासष्टी हे महाल पोर्तुगिजांकडे गेले. तेव्हा केळोशी आणि कुठ्ठाळी सासष्टीतच धरली जात. १५६०मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालय, बसलं आणि त्याच दशकात या भागातली देवळं एकामागून एक पाडली गेली. १५६७ साल सासष्टीसाठी सर्वांत वाईट. झुआरी नदीच्या पलीकडचा अंत्रूज महाल, म्हणजे आजचा फोंडा तालुका, तेव्हा विजापूरच्या आदिलशहाकडे होता. म्हणून देव नदीपार गेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला, रायची कामाक्षी शिरोड्याला, सांकवाळचा नृसिंह वेलिंगला. फोंड्यात देवळं इतकी जवळजवळ का, याचं उत्तर या यादीत आहे. ती सगळी नदीपलीकडच्या गावांची देवळं आहेत.

आज कवळ्याला जे देऊळ दिसतं ते छत्रपती शाहूंच्या काळातलं, १७३८च्या सुमाराचं, नारो राम मंत्री यांच्या पुढाकाराने झालेलं. फोंडा पोर्तुगिजांकडे गेला तो १७६३मध्ये. म्हणजे देवी नदीपार आल्यावर दोनशे वर्षं त्यांच्या राज्याबाहेर राहिली. कवळ्यातला गौडपादाचार्य मठसुद्धा मूळचा तिकडचाच.

आता केळोशी. "काही नाही" असं भावाने म्हणू नये. देऊळ जिथे होतं त्या जागेला आजही देऊळभाट म्हणतात आणि ती जागा देवस्थानच्याच ताब्यात आहे. लोकांनी ती विसरू दिली नाही, म्हणून ती आज आपल्याकडे आहे. वेर्ण्याला तर म्हाळसेचं देऊळ मूळ जागी पुन्हा उभं राहिलं. अशा जागेवर गेल्याने दुःख उकरलं जातं असं मला वाटत नाही. आपल्या लोकांनी काय वाचवलं, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. नुसतं कवळे पाहिलं तर एक सुंदर देऊळ पाहिल्यासारखं होतं. ते तिथे का आहे, हे केळोशी पाहिल्याशिवाय उमगत नाही.

सांजवात
@जुनीं_दफ्तरां, एवढं सगळं एका जागी वाचलं नव्हतं. सासूबाईंना मात्र हे सांगून नेलं असतं तरी त्या कवळ्यालाच बसल्या असत्या, एवढं खरं. तरी काकांनी स्वतः मागितलं आहे, ही गोष्ट वेगळी. मागणाऱ्याला अडवू नये.

रायबंदर_धक्को
शिंद्यांकडे आपली माणसं बरीच होती. जिवबादादा बक्षी मूळचे पेडणे महालातल्या केरीचे, महादजींच्या फौजेतले मोठे सरदार. त्यांच्या मागोमाग इथली कितीतरी घरं माळव्यात गेली. तुमच्या घराण्यातलं कोणी त्यांच्या पथकात होतं का?

आंबेथळ
@रायबंदर_धक्को, काका तसं सांगतात, पण घरात कागद उरलेला नाही. कुठे नोंद मिळेल का?

जुनीं_दफ्तरां
पणजीचं पुराभिलेख खातं १५९५पासूनचं आहे, पण तिथे जे इथे राहिले त्यांच्या नोंदी मिळण्याचा संभव जास्त. तुमची शाखा बाहेर गेलेली. त्यांच्यासाठी सोपी वाट वेगळी आहे. गाडी नाशिकवरून येणारच आहे, तर नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय कोण ते विचारा. त्यांच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं असतात, अनेकदा यात्रेकरूच्या स्वतःच्या अक्षरात. जुन्या नोंदी मोडीत असतील, तेव्हा पानाचा फोटो काढून आणा, आपण इथे वाचू. विचारताना आडनावाबरोबर गोत्र, कुलदेवता आणि मूळ गाव सांगा. उज्जैन सांगून शोध लागणार नाही, केळोशी किंवा कवळे सांगितलं तर लागेल. नंतर कवळ्याच्या देवस्थानात महाजनांची, म्हणजे देवस्थानच्या हक्कदार कुळांची, नोंद असते, तिच्याशी पडताळा.

शिरोड्याची_माई
वाट आणि इतिहास झाला, आता माणसांचं बघा. नाताळ-नववर्षाच्या आठवड्यात मुळीच बोलावू नका. सगळा देश तेव्हा गोव्यात असतो. संक्रांतीनंतर हवा चांगली असते. माघ शुद्ध पंचमीला कवळ्याची जत्रा असते, काकांना गर्दी सोसत असेल तर तेव्हा, नसेल तर चार दिवस अलीकडे. अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, खोल्या मिळतात, देवस्थानच्या कार्यालयात आधी फोन करा आणि तळमजल्याची मागा. अभिषेक किंवा महानैवेद्य करायचा तर आदल्या दिवशी सांगावं लागतं. मुलांना हाफ पँट घालून देवळात आणू नका. मध्यप्रदेशचा नंबर पाहून गाडी थांबवतील, तेव्हा पीयूसीसकट कागद पुढच्या कप्प्यात ठेवायला सांगा.

वहिनीलाही विचारा हो तिला काय हवंय. सहा माणसांची बॅग भरणारी तीच असणार. एक संध्याकाळ तिला समुद्रावर मोकळी द्या, काकांना तुम्ही सांभाळा.

सांजवात
माई, हे शेवटचं वाक्य धाग्याच्या वर टाचून ठेवायला हवं.

पोरसू
काका घरी कोकणी बोलतात का? मूळ केळोशीचे म्हणजे कोकणी. मराठी कुठून आली मध्ये?

घाटमाथा
झालं सुरू.

आंबेथळ
@पोरसू, उज्जैनच्या घरात गेल्या कित्येक पिढ्या माळव्याच्या वळणाची मराठी आहे. देवीची आरती मराठीत. पण आजी मुलांना झोपवताना काही शब्द म्हणायची ते काकांना आठवतात, अर्थ माहीत नाही. ते लिहून घेतो आणि इथे टाकतो. तुम्हीच सांगा ते काय आहेत.

पोरसू
जरूर टाका. हें काम म्हाका आवडटलें.

संपादक_मंडळ
भाषेवर वाद घालायला दुसरा धागा चालू आहे. इथे काकांचा प्रवास.

कुंकळ्ळीकार
धास्तीबद्दल लिहितो, कारण त्यावर कोणी फारसं बोललं नाही. आमची शांतादुर्गा कुंकळ्ळीची. १५८३मध्ये आमच्या गावाने उठाव केला, तो चिरडला गेला. देवी फातर्प्याला गेली. पण आजही शिगम्यात फातर्प्याहून देवीच्या छत्र्या कुंकळ्ळीत येतात, बारा वांगडींच्या, म्हणजे गावच्या मूळ कुळांच्या, बारा छत्र्या. देवी आपल्या जुन्या गावाला भेटायला येते आणि गाव रस्त्यावर उतरतो. वाटेवरच्या ख्रिस्ती घरांतली माणसंही थांबून मान देतात, कारण मूळचे गावकार तेही. माझ्या लहानपणापासून मी हे बघतोय. त्यामुळे जुन्या जागी गेलं म्हणजे फक्त रडायचं, असं मला कधी वाटलं नाही. आम्ही गुलालाने माखून परततो.

केळोशीत काका गेले तर शेजारच्या घरात हाक मारा. कुठला धर्म ते न बघता मारा. मूळ गाव केळोशी सांगितल्यावर इथे कोणी पाठ फिरवत नाही.

दोतोर_साब
गुडघ्यांसाठी: दर दीड तासाने उतरून पाच मिनिटं चालवा. पाणी कमी पिऊ देऊ नका, ज्येष्ठ माणसं प्रवासात मुद्दाम पाणी टाळतात. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, डिकीत नकोत.

धक्क्यावयलो
सगळं वाचून काढलं. कवळे आधी की केळोशी, यावर माझं मत देतो. आधी केळोशी, मग कवळे, आणि मधली नदी फेरीबोटीने.

झुआरीवर नवा पूल झालाय, आठपदरी, दोन मिनिटांत पार होतो. मुलांना तो दाखवा. पण त्या दिवशी पुलावरून जाऊ नका. कुठ्ठाळीहून मडकईला फेरी सुटते. देऊळभाटावर नमस्कार करा, कुठ्ठाळीला मंगेशाच्या मूळ जागेकडेही जाऊन या, आणि मग धक्क्यावर या. फेरीत गाडी चढते, काकांना उतरावं लागणार नाही, तरी ते उतरतीलच. पलीकडे मडकईला नवदुर्गा आहे, तीही तिसवाडीतल्या गावशीहून आलेली. तिथून कवळे जवळ.

देवीला नेणाऱ्या माणसांनी हीच नदी ओलांडली. नदी तीच, दोन्ही तीर तेच. काकांनी फक्त केळोशी पाहिली तर त्यांच्या हातात गमावलेलं गाव राहील, ही तुमची धास्ती रास्त आहे. फक्त कवळे पाहिलं तर देवी मिळेल, पण ती किती लांबून आणि कोणत्या काळात आणली ते कळणार नाही. एकाच दिवशी, त्याच क्रमाने, पाण्यावरून गेलात तर त्यांना अख्खी गोष्ट मिळेल. संध्याकाळी आरतीला कवळ्यात पोचा. फेरीची वेळ मात्र आदल्या दिवशी धक्क्यावर विचारून घ्या.

सांजवात
@धक्क्यावयलो, पटलं. माझं मत मी मागे घेत नाही, पण हा क्रम चांगला आहे. दिवस देवीपाशी संपतो.

जुनीं_दफ्तरां
हे मला सुचायला हवं होतं. उत्तम.

आंबेथळ
मंडळी, ठरलं. संक्रांतीनंतर येताहेत. अनमोडने उतरणार, आंबोलीने परत. केळोशी, फेरी, कवळे एकाच दिवशी. भावाला धक्क्यावयल्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणाला, "फेरीत गाडी चढते? मग मुलं पण खूश." त्याचाही प्रश्न सुटला.

आंबेथळ
पाहुणे काल परत निघाले. तुम्ही विचारत होतात म्हणून लिहितो.

नाशिकला पान सापडलं. नावं उज्जैनची, पुढे "मूळ गाव केळोशी, कुलदेवी शांतादुर्गा". अक्षर कोणाचं ते काकांनी ओळखलं नाही, कारण तो माणूस त्यांच्या आजोबांचाही आजा असावा. फोटो वेगळ्या प्रतिसादात टाकतो, मोडीतल्या दोन ओळी अजून लागायच्या आहेत.

देऊळभाटावर काका रडले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, नमस्कार केला आणि लगेच चौकशी सुरू केली. नदी कुठल्या बाजूला, धक्का किती लांब, रात्रीची भरती असेल तर होडी कशी काढली असेल, एवढं सामान आणि मूर्ती घेऊन किती माणसं लागली असतील. जवळच्या घरातले एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले, त्यांनी पाणी दिलं. मी मूळ गाव सांगितल्यावर त्यांनी काकांचा हात धरला आणि म्हणाले, "म्हणजे तुमी आमचेच." मग दोघे म्हातारे बराच वेळ बोलत बसले, एक कोकणीत, एक माळवी मराठीत, आणि दोघांचंही अडलं नाही.

फेरीत काका कठड्याला धरून उभे राहिले. धाकटी नात विचारत होती, "आजोबा, देवीला पोहता येत होतं का?" काकांनी तिला सगळी हकीकत सांगितली, १५६०च्या दशकापासून. मी ती इतकी सलग कधी कोणाकडून ऐकली नव्हती. कवळ्याला काकूंनी ओटी भरली. भाऊ, जो दोन तासांत निघू म्हणत होता, तो आरतीनंतरही सभामंडपात बसून होता.

वहिनीला समुद्र दाखवला, माई. एकटीला.

शिरोड्याची_माई
शाबास. देव बरें करूं.

पोरसू
आजीचे शब्द राहिले. वाट बघतोय.

ग्वाल्हेरची_सून
हा धागा वाचून विचारते. आमच्या सासरचं कुलदैवत बांदिवड्याचा रामनाथ, मूळ लोटली. आम्हीही एप्रिलमध्ये गाडीने निघायचं म्हणतोय. आम्हाला अशी पाण्यावरची वाट आहे का?

धक्क्यावयलो
आहे. लोटलीच्या हद्दीतल्या रासयहून पलीकडे दुर्भाटला फेरी जाते, तिथून बांदिवडे जवळ. एप्रिलमध्ये ऊन फार असतं, सकाळची फेरी धरा. आणि निघण्याआधी इथे लिहा, मी धक्क्यावर वेळा विचारून सांगतो.